अडीच चमचे प्लेटलेट

डेंग्यूची साथ आली की घरोघरी एकच प्रश्न असतो, "प्लेटलेट किती?" आकडा दीड लाखाच्या खाली उतरला की नातेवाइकांचे फोन सुरू होतात, पपईच्या पानांचा रस निघतो. पण हे दीड लाख असतात एका मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे मिलिलिटरच्या हजाराव्या भागात. निरोगी माणसात दीड ते साडेचार लाख. अडीच लाख धरून पाच लिटर रक्ताचा हिशेब केला, तर अंगात सव्वा लाख कोटी प्लेटलेट फिरत असतात. एकेक जेमतेम अडीच मायक्रॉनची. तरी एकीला एक लावून रांग केली तर ती ३,१२५ किलोमीटर भरेल. भारताची दक्षिणोत्तर लांबी ३,२१४ किलोमीटर आहे! आणि हीच सारी फौज एका वाटीत गोळा केली तर? साडेबारा मिलिलिटर. चहाचे अडीच चमचे.

प्लेटलेट आठ-दहा दिवस जगते. म्हणून शरीराला रोज सुमारे १०,००० कोटी नव्या घडवाव्या लागतात, सेकंदाला साडेअकरा लाख. रोजच्या नव्या प्लेटलेटची रांग २५० किलोमीटरची.

डेंग्यूत आपण त्या कमी होण्याला भितो. मला काळजी वाटते ती त्या गुठळी करायला उतावळ्या होण्याची. सीबीसी या रक्ततपासणीच्या अहवालात एमपीव्ही नावाची एक ओळ असते. तो प्लेटलेटचा सरासरी आकार, साधारण १० फेम्टोलिटर. एका मिलिलिटरमध्ये एक लाख कोटी फेम्टोलिटर मावतात, इतकं हे माप बारीक. मोठी प्लेटलेट जास्त चलाख, गुठळी करायला जास्त तत्पर.

इथे मेटाबॉलिक सिंड्रोमशी गाठ पडते. पोटाचा घेर, ट्रायग्लिसराइड, एचडीएल, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, या पाचांपैकी तीन बिघडले की तो आहे असं धरतात. एरवी इन्सुलिन प्लेटलेटना आवरून धरतं. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की तो लगाम सुटतो. शिवाय पोटातली चरबी दाहाचे निरोप धाडत राहते. ते यकृतापर्यंत पोचतात आणि प्लेटलेट घडवण्याची मागणी वाढते. म्हणूनच अनेक पाहण्यांत या रुग्णांची प्लेटलेटसंख्या थोडी चढी आढळली. एमपीव्हीचं मात्र एकमत नाही: कुठे वाढलेला, कुठे फरकच नाही. कारण रक्ताचा नमुना ठेवतात त्या जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रसायनच प्लेटलेट फुगवतं. नमुना तासभर जास्त पडून राहिला तरी आकडा सरकतो. एवढ्या नाजूक मापावर निदान बेतता येत नाही, आणि वैद्यकानेही ते बेतलेलं नाही.

शिंप्याची टेप जास्त भरवशाची. दक्षिण आशियाई पुरुषाला ९० सेंटीमीटर, बाईला ८०, ही घेराची मर्यादा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत ३९.५ टक्के प्रौढांचं पोट सुटलेलं निघालं. अंगकाठीवर जाऊ नका. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपला शेजारीशेजारीचा फोटो छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, २२.३. चरबी मात्र युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२.