खिचडीआधीची वजाबाकी

सकाळी ९.४०
घनसावंगी तालुक्यातली आमची जिल्हा परिषदेची शाळा. कुलूप उघडायच्या आतच पोरं ओट्यावर हजर. नोव्हेंबर म्हणजे कापूस वेचणी. आया सहा-सातलाच रानात. ऊसतोडीला गेलेल्यांची लेकरं आजीजवळ. काय खाऊन आलात, हे मी रोज विचारतो. ‘चहा-बटर, सर.’ ‘रातची भाकर.’ तिसरीतली एक मुलगी गप्प राहते. म्हणजे काही नाही.

१०.००
परिपाठ. उपाशीपोटी उभं राहून पोरांना चक्कर येते, म्हणून आटोपता घेतो.

१०.३०
स्वयंपाकी मावशी दारात. ‘आज किती हायेत?’ ‘अठ्ठेचाळीस.’ पहिली ते पाचवीला मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा हिशेब. मावशी चार किलो आठशे तांदूळ मोजून घेतात आणि नजरेनं मूठभर वर टाकतात. जून २०२४ मध्ये शासनानं १५ पाककृतींची यादी दिली. पोरांच्या लेखी सगळ्याचं नाव खिचडीच.

११.१५
गणित. फळ्यावर ५२ वजा २७. ती तिसरीतली पाटीवर ३५ लिहिते. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. मोठ्यातून लहान काढून मोकळी. हातच्याची वजाबाकी तिला येते, मी शुक्रवारी दुपारी पाहिलंय. पण दशकातून एक उसना घ्यायचा, तो लक्षात ठेवायचा आणि मग पुढचा आकडा कमी करायचा, एवढं धरून ठेवायला डोक्याला काहीतरी इंधन लागतं. मुलाच्या शरीरात मेंदूचं खाणं मोठ्या माणसापेक्षा जास्त असतं. तरीही वेळापत्रकं करणारे गणित सकाळीच टाकतात, ‘डोकं ताजं असतं’ म्हणून. भरल्या पोटाचं असेल.

१२.००
फोडणीचा वास वर्गात शिरला की शिकवणं संपलं. ‘सर, कवा व्हणार?’

१२.३०
वाढण्याआधी चव घेऊन नोंदवहीत सही. मीठ बरोबर.

१.००
रांगेत ताटं. सोमवार असल्यानं जेवणानंतर लोहाची गुलाबी गोळी. रक्तात लोह कमी पडलं की मूल मंदावतं, आणि आपण त्याला आळशी म्हणतो. २०२३च्या अखेरीस आठवड्याला एक अंडं सुरू झालं होतं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबला. लोकसहभागातून द्या म्हणाले. कापसाला भाव नसलेल्या गावात लोकसहभाग कुणाकडे मागायचा?

१.४५
पोट भरलं की पेंग येते. इथे मी गोष्ट सांगतो, दुसरं काही नाही.

२.३०
आमचं खरं गणित आता. तीच वजाबाकी, तीच पाटी: २५. एका पाटीवरून सिद्धांत मांडू नये. पण दिल्लीत फरझाना अफ्रिदी आणि सहकाऱ्यांनी सातवीच्या मुलांना कागदावरचे भूलभुलैये सोडवायला दिले होते. शाळेत जेवण सुरू झाल्यावर मुलं ते अधिक नेटानं सोडवू लागली. तनिका चक्रवर्ती आणि राजश्री जयरामन यांनी २०१९ मध्ये दाखवलं की, पाच वर्षांपर्यंत शाळेत जेवलेल्या मुलांचे वाचनाचे गुण वर्षभरही न जेवलेल्यांपेक्षा १८ टक्के जास्त होते.

म्हणजे दुपारचं जेवण कामी येतंच. माझी तक्रार सकाळच्या तीन तासांबद्दल आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच लिहिलंय की पौष्टिक न्याहारीनंतरचे सकाळचे तास अवघड विषयांना चांगले. तमिळनाडूनं सप्टेंबर २०२२ मध्ये प्राथमिक शाळांत न्याहारी सुरूही केली. आमच्याकडे माझ्या टेबलाच्या खणात फुटाण्यांची बरणी आहे.

४.३०
किती जेवले ते अॅपवर भरलं. फाटकाशी त्या मुलीची आजी.

‘सर, हिची माय भाकर करून ठिवती. पर ही झोपंतून उठती अन् तशीच पळती.’

‘मग आजी, फडक्यात बांधून द्या. दहाच्या आत माझ्यासमोर खाईल.’

‘संगं ठेचा दिऊ का?’

‘थोडा द्या.’