ठासणीची शिकारी रायफल
नळीच्या तोंडातून दारू व गोळी भरून, ती गजाने ठासून उडवावयाची व नळीच्या आतल्या पृष्ठभागावर मळसूत्री खाचा असलेली बंदूक. खाचा नसलेल्या गुळगुळीत नळीच्या ठासणीच्या बंदुकीस पूर्व विदर्भात ‘भरमार’ म्हणतात. मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी पहिली रायफल कोणती घ्यावी, हा एकोणिसाव्या शतकात मध्य प्रांतातील नवशिक्या शिकाऱ्यापुढचा महत्त्वाचा प्रश्न होता. आज भंडारा जिल्ह्यात शिकारीला बंदी असून ठासणीच्या बंदुकीचा संबंध मुख्यतः पीकसंरक्षणाशी उरला आहे. तथापि निवडीचे यांत्रिक निकष बदललेले नाहीत.

वैनगंगेच्या खोऱ्यातील हा तलावांचा व धानशेतीचा जिल्हा १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांतात होता. १ मे १९९९ रोजी त्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत नागझिरा व नवेगावची अरण्ये त्यातच मोडत. वाघ, अस्वल, रानगवा, सांबर, नीलगाय व रानडुक्कर ही येथील मोठी जनावरे. बांबू व झुडुपांच्या दाटीत जनावर दिसते ते जवळून आणि क्षणभर. त्यामुळे दूरच्या पल्ल्यापेक्षा पहिल्याच गोळीचा आघात महत्त्वाचा ठरे. बार झाल्यावर पुन्हा दारू ओतून, गोळी ठासून व टोपी बसवून बंदूक सज्ज करण्यास निष्णात हातालाही निदान वीस-तीस सेकंद लागत. तेवढ्या वेळात जखमी रानगवा अंगावर येऊ शकतो किंवा झाडीत नाहीसा होऊन कित्येक दिवस वेदना भोगत मरतो.

या गरजेचा पद्धतशीर विचार मध्य प्रांतातील अधिकारी कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांनी १८६०–७० या दशकात शिकारी रायफलीवरील आपल्या ग्रंथात केला. त्यांचा ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हा अधिक परिचित ग्रंथ १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला. खाचांचा पीळ जलद असेल आणि दारू भरपूर घातली, तर शिशाची वाटोळी गोळी खाचांना धरून न फिरता त्या सोडून सरळ पुढे घसरते व नेम चुकतो. म्हणून जलद पिळाच्या रायफलीत दारू कमी घालावी लागे. परिणामी गोळीचा वेग घटून तिचा मार्ग अधिक कमानदार होई आणि प्रत्येक वेळी अंतराचा अचूक अंदाज बांधावा लागे. फोर्सिथ यांनी उथळ खाचा व अतिशय मंद पीळ यांचा पुरस्कार केला. १०४ इंचांत (सु. २६४ सेंमी.) एक फेरा हे त्यांच्या नावाशी निगडित प्रमाण होय. अशा नळीत दारूचा मोठा बार चालतो आणि जंगलातील नेहमीच्या अंतरावर गोळी जवळजवळ सरळ जाते. घाईने नेम धरणाऱ्या नवशिक्याला याचा फायदा अनुभवी शिकाऱ्यापेक्षाही अधिक.

नळीचे माप ‘बोअर’मध्ये सांगतात. नळीत नेमक्या बसणाऱ्या शिशाच्या जितक्या गोळ्या मिळून एक पौंड वजन भरते, तितक्या बोअरची ती नळी. म्हणजे आकडा लहान तितकी गोळी जड. १२ बोअरची गोळी सु. ३८ ग्रॅ., तर १४ बोअरची सु. ३२ ग्रॅ. असते. वाटोळ्या गोळीचा वेग हवेत लवकर घटतो; त्यामुळे मोठ्या जनावरासाठी तिचे वजन हाच मुख्य आधार. मात्र जड गोळी व मोठा बार हलक्या बंदुकीतून उडविल्यास खांद्याला बसणारा धक्का असह्य होतो. पहिली रायफल घेणाऱ्याने आपणास न दचकता उडविता येईल एवढ्याच बोअरची व पुरेशा वजनाची रायफल घ्यावी, हे उत्तम. दुनळी रायफलीने लागोपाठ दुसरा बार मिळतो, पण तीत एक दोष आहे : पहिल्या बाराच्या धक्क्याने दुसऱ्या नळीतील गोळी पुढे सरकण्याचा संभव असतो. दारू व गोळी यांत पोकळी राहिल्यास नळी फुगते किंवा फुटते. म्हणून एक नळी रिकामी झाली की दुसरीतली गोळी गजाने दाबून पाहणे आवश्यक असते.

जुनी बंदूक पारखताना ती भरलेलीच आहे असे प्रथम गृहीत धरावे. गज आत सोडून तो नळीच्या तोंडाशी किती खोल जातो ते पाहावे व तेवढेच अंतर बाहेरून मोजावे. गज बुडापर्यंत पोहोचत नसेल, तर आत बार आहे. नळीत खोल गंजाचे खड्डे किंवा बाहेरून फुगवटा आढळल्यास ती बंदूक कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये. टोपी बसविण्याची निपल घट्ट हवी. घोडा अर्धा चढविलेल्या स्थितीत चाप दाबल्यास तो पडता कामा नये. दस्त्यावरील नक्षी पाहून भुलणारे गिऱ्हाईक नेमक्या याच गोष्टी पाहण्याचे विसरते. दारू काळीच वापरावी. काडतुसातील धूरविरहित दारू या नळ्यांत घालणे म्हणजे स्फोटास आमंत्रण. टोपी फुटूनही बार न झाल्यास नळी निदान मिनिटभर निर्धोक दिशेस रोखून धरावी, कारण बार उशिरा होऊ शकतो.

शस्त्र अधिनियम, १९५९ (अंमल १ ऑक्टोबर १९६२ पासून) याच्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची खास तरतूद आहे. ती पुरेशी पडणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटल्यास दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देता येतो. रायफलीसाठी मात्र सबळ कारण दाखवावे लागते. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, ही गोष्ट शेतकऱ्यांच्या पुष्कळदा ध्यानात येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यात १९९१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने हौशी शिकारीचे परवाने संपुष्टात आले. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या अशा जनावरास मारण्यासही मुख्य वन्यजीव रक्षक किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याचा कारणांसह लेखी आदेश लागतो. आदेश नसताना मारलेल्या डुकरापायी, पीक गमावलेला शेतकरीच आरोपी ठरतो.