अ‍ॅम्प्लिफायरचा ट्रान्झिस्टर पुन्हा पुन्हा उडतोय? नवा टाकण्याआधी हे तपासा

सप्ताह असो की गणपती, मंडळाचं मशीन ऐन कार्यक्रमात बंद पडतं. मेकॅनिक आउटपुटचे ट्रान्झिस्टर बदलून देतो, दोन दिवस आवाज खणखणीत, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग खापर फुटतं डुप्लिकेट मालावर. बाजारात नकली माल आहे हे खरंच, पण एकच पार्ट वारंवार जळत असेल तर त्याला जाळणारा दुसराच कुणीतरी असतो.

सुरुवात स्पीकरपासून करावी. 8 ओहमचे दोन स्पीकर पॅरललमध्ये जोडले की लोड 4 ओहम होतो, चार जोडले की 2. मशीनच्या मागे कमीत कमी 4 ओहम लिहिलं असेल तर चार बॉक्सवर ते तापणारच. भोंगे 100 व्होल्ट लाइनवर असतील तर सगळ्या भोंग्यांच्या वॅटची बेरीज मशीनच्या वॅटपेक्षा जास्त नको. झाडावरून ओढलेल्या वायरचे जोडही बघा. टेप निघालेला एक जोड पावसात शॉर्ट झाला तरी पुरे.

यानंतर स्पीकर काढून, आवाज शून्यावर ठेवून मशीन दहा मिनिटं चालू ठेवा. तरीही हीटसिंकला चटका बसत असेल तर दोष आतलाच, आणि तो बहुधा बायसचा. प्रीसेट खराब झाला किंवा बायसचा डायोड गेला की गाणं नसतानाही ट्रान्झिस्टरमधून जास्त करंट वाहतो.

आउटपुट उडतो तेव्हा तो एकटा जात नाही. एमिटरचे छोटे रेझिस्टर आणि ड्रायव्हर ट्रान्झिस्टरही सोबत जातात. ते न तपासता नवा टाकला तर तोही जाणारच. खालचा अभ्रक फाटलेला नको, पेस्ट नवी लावलेली हवी.

दुरुस्तीनंतर थेट लाइटवर न लावता मेकॅनिकला सिरीज बोर्डवर लावायला सांगा. त्यात 60 ते 100 वॅटचा जुना तारेचा बल्ब हवा, एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर शॉर्ट अजून आहे.

घरी झाकण उघडू नये. प्लग काढल्यावरही मोठ्या कॅपॅसिटरमध्ये करंट साठून राहतो. आणि फ्यूजच्या जागी जाड तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावली असेल तर ती आजच काढा. तशा मशीनमध्ये शॉर्ट झाला तर ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि तो ट्रान्झिस्टरच्या कितीतरी पट महाग पडतो.