पोटासाठी आखलेले रस्ते

आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो काउंटीतल्या लुईसबर्ग या छोट्या गावातून दक्षिणेकडे आर ३३५ नावाचा रस्ता निघतो. सुरुवातीला दोन्ही बाजूंना ओलसर माळ, पाठीवर निळ्या-लाल रंगाची खूण मारलेल्या मेंढ्या, मधूनच एखादं पांढरं घर. मग घरं संपतात आणि डोंगर अंगावर येतात. उजवीकडे म्वीलरे, ८१४ मीटर उंच, कोनाख्ट प्रांतातला सर्वांत उंच डोंगर. डावीकडे शेफ्रीच्या टेकड्या. मध्ये एक लांबट तळं. त्याचं नाव डूलॉख, म्हणजे काळं तळं. आम्ही गेलो त्या दिवशी ते खरोखर काळं होतं. तळ्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक साधा दगडी क्रूस उभा आहे. तिथल्या स्मारकावर महात्मा गांधींचं एक वाक्य कोरलेलं दिसलं आणि मी गाडी बाजूला घेतली.

३० मार्च १८४९ची गोष्ट. बटाट्यावर रोग पडून चौथं वर्ष चालू होतं. सरकारी मदत घेणाऱ्यांची तपासणी व्हायची होती, म्हणून आसपासची शेकडो माणसं लुईसबर्गमध्ये जमली. तपासणी करणारे साहेब मात्र पुढे निघून गेले. त्यांचा मुक्काम डेल्फी लॉज या शिकारीच्या बंगल्यात होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तिथे हजर व्हा, नाहीतर यादीतून नाव जाईल, असा निरोप आला. अंतर सुमारे १९ किलोमीटर, वर रात्रीची थंडी. माणसं चालत गेली. पोचली तेव्हा साहेब जेवायला बसले होते. जेवण उरकून त्यांनी मदत नाकारली. परतीच्या वाटेवर वारा आणि गारा. स्थानिक वृत्तपत्राला आलेल्या पत्रात रस्त्याकडेला सापडलेल्या सात प्रेतांचा उल्लेख आहे. लोकांच्या तोंडी आकडा चारशेपर्यंत जातो. आता दरवर्षी लोक त्यांच्या आठवणीत ही वाट चालतात. १९९१ साली दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टूटूही चालले होते.

खरं तर मी गेलो होतो ‘वाइल्ड अटलांटिक वे’ पाहायला. उत्तरेला डोनेगलमधल्या मालिन हेडपासून दक्षिणेला कॉर्कमधल्या किन्सेलपर्यंत सुमारे २,५०० किलोमीटरचा हा किनारी मार्ग. २०१४ साली पर्यटन खात्याने तो जाहीर केला, लाटेसारख्या नागमोडी चिन्हाच्या पाट्या लावल्या आणि जग तिकडे लोटलं. पण पर्यटनासाठी म्हणून तिथे नवा रस्ता बांधला नाही. होते तेच जोडले, त्यांना नाव दिलं. मग होते ते रस्ते कोणी बांधले आणि कशासाठी, हा प्रश्न मला डूलॉखला पडला. पुढचा सगळा प्रवास त्याच नादात झाला.

सगळ्यात जुनं उत्तर भाषेतच आहे. आयरिशमध्ये गाईला ‘बो’ म्हणतात. आपल्या ‘गो’शी त्याचं सख्खं नातं, दोन्ही शब्द एकाच आदिम मुळाचे. या ‘बो’पासून रस्त्याला शब्द झाला ‘बोहर’. कॅशेलचा बिशप-राजा कोर्मक इ. स. ९०८मध्ये मारला गेला. त्याच्या नावावर असलेल्या शब्दकोशात ‘बोहर’ची रुंदीच सांगितली आहे: एक गाय उभी आणि एक आडवी मावली पाहिजे. लहान बोहर तो ‘बोरीन’, म्हणजे आपली पाणंद, विदर्भात म्हणतात ती पांदण. दोन्हीकडे बिनचुन्याच्या दगडी ताली, मध्ये गवताची पट्टी, समोरून ट्रॅक्टर आला तर कोणीतरी मागे जायचं. कोणी, हे भांडून ठरत नाही. ज्याच्या मागे रुंद जागा जवळ असेल तो मुकाट जातो. जाता-जाता स्टिअरिंगवरून एक बोट वर होतं. आपल्याकडे एसटीचे ड्रायव्हर एकमेकांना हात दाखवतात, तसा हा इथला रामराम. पहिल्या दिवशी मी याच पाणंदीत डावा आरसा तालीला घासला. भाड्याच्या गाडीच्या कंपनीने त्याचे जे पैसे घेतले त्यात आमचा एका दिवसाचा मुक्काम झाला असता. पण ताल तिच्या जागी होती, चूक माझी.

गाईच्या वाटांवरून चाकाच्या रस्त्यांवर हा मुलूख फार उशिरा आला. अलेक्झांडर निमो हा स्कॉटिश इंजिनिअर १८११ ते १८१३मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या केरी आणि कोनेमाराच्या दलदली मोजत फिरला. १८२२ साली पश्चिमेत दुष्काळ पडला, तेव्हा मदतीची कामं काढायला सरकारने त्यालाच पाठवलं. कोनेमाराच्या आजच्या रस्त्यांचा सांगाडा आणि राउंडस्टोनचं बंदर ही त्याची कामं. म्हणजे महादुष्काळाच्याही आधी, इथला रस्ता आणि भूक यांची गाठ पडलेली होती. निमोच्या पाठोपाठ आला चार्ल्स बियांकोनी. हा मूळचा उत्तर इटलीचा, चित्रांची पेटी घेऊन फिरणारा विक्रेता. नेपोलियनची युद्धं संपली, लष्कराचे घोडे स्वस्त झाले, आणि १८१५ साली त्याने क्लॉनमेल ते काहिर घोडागाडी सुरू केली. पुढे त्याच्या गाड्या थेट गॉलवेपर्यंत धावू लागल्या. कलकत्त्यात जन्मलेला कादंबरीकार थॅकरे १८४२ साली आयर्लंडभर हिंडला, तोही अशाच गाड्यांतून. तीनच वर्षांनी सगळं बदललं.

१८४१च्या शिरगणतीत आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८१ लाख ७५ हजार होती. दहा वर्षांनी ती ६५ लाख ५० हजारांवर आली. सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि तापाने गेली, त्याहून जास्त जहाजात बसली. पश्चिमेतला गरीब शेतकरी ‘लम्पर’ नावाच्या एकाच जातीच्या बटाट्यावर जगत होता आणि १८४५ साली त्या बटाट्यावर रोग पडला. १८४६च्या शरदात लंडनच्या सरकारने तोडगा काढला: फुकट अन्न नाही, काम करा आणि मजुरी घ्या. काम कसलं? जमीनदाराच्या शेताला त्याचा खासगी फायदा होता कामा नये, असा दंडक. मग उरलं काय, तर रस्ते. १८४७च्या मार्चमध्ये सात लाखांहून जास्त माणसं खडी फोडत होती, चढ कापत होती. दिवसाची मजुरी आठ-दहा पेन्स, तीही अंगावर काम मोजून, आणि पुष्कळदा उशिरा. धान्याचे भाव मजुरीच्या कितीतरी पुढे गेलेले. त्या हिवाळ्यात बर्फ पडलं. उपाशी माणसाला अंगावरचं काम देणं म्हणजे जो सगळ्यांत अशक्त त्याला सगळ्यांत कमी पैसे देणं, इतका साधा हिशेब कोणाच्या लक्षात आला नसेल यावर माझा विश्वास नाही.

वसंतात सरकारने ही कामं बंद केली आणि सूपची केंद्रं उघडली. १८४७च्या उन्हाळ्यात रोज सुमारे ३० लाख लोक तिथे जेवत होते. या सगळ्यात माणसं जगवण्याचा खरा उपाय तोच ठरला, आणि काही महिन्यांत तोही गुंडाळला. या कारभाराची सूत्रं ट्रेझरीतल्या चार्ल्स ट्रेव्हेलियनच्या हातात होती. हा ईस्ट इंडिया कंपनीत घडलेला माणूस, मेकॉलेचा मेहुणा. दुष्काळातल्या कामगिरीबद्दल १८४८मध्ये त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली आणि १८५९ साली तो मद्रासचा गव्हर्नर झाला.

इथे मराठी वाचकाला काही फार समजावून सांगावं लागत नाही. १८७६-७८च्या दुष्काळात दख्खनमध्ये हीच विचारसरणी रिचर्ड टेंपलने आणली. माणशी दिवसाला एक रतल धान्य, या हिशेबाने मजुरी कापली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध लिहिलं, मजूर कामं सोडून गेले. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायका आणि सुकडी ही आठवण तर अजून जिवंत माणसांच्या डोक्यात आहे. फरक एवढाच की त्या अनुभवातून आपल्याकडे रोजगार हमीचा कायदा निघाला. १९७७ साली तो झाला आणि १९७९पासून लागू झाला. काम मागणं हा हक्क ठरला. आयर्लंडच्या पश्चिमेत मात्र जवळपास साठ वर्षं उलटूनही तेच चाललं होतं. नाटककार जे. एम. सिंज आणि चित्रकार जॅक येट्स १९०५ साली ‘मँचेस्टर गार्डियन’साठी या भागात फिरले. सिंजच्या लेखमालेत दुष्काळी कामांवर एक स्वतंत्र लेख आहे. दलदलीतून रस्ता काढणाऱ्या माणसांचा खिन्न चेहरा त्याने टिपला.

महादुष्काळातले काही रस्ते डोंगरात चढत जातात आणि मध्येच संपतात. पैसे थांबले, काम थांबलं. काही मात्र पोचले. बेरा द्वीपकल्पात कॉर्क आणि केरी यांना जोडणारा हीली पास १८४७ साली दुष्काळी काम म्हणून सुरू झाला. त्याला नाव मिळालं १९३१मध्ये, टिम हीलीचं. ब्रिटिशांपासून सुटलेल्या आयरिश फ्री स्टेटचा तो पहिला गव्हर्नर जनरल. आज तिथे मोटारसायकलवाल्यांची रांग असते. ३३४ मीटर उंचीवरून दोन्हीकडचे उपसागर दिसतात. वळणं अशी की एका वळणावरून खालची चार मोजता येतात. मी मोजली, आणि बेकरीत घेतलेला स्कोन खाल्ला. भुकेने बांधलेल्या घाटात बसून खाताना थोडं अवघडल्यासारखं झालं, पण स्कोन चांगला होता.

दलदलीवरून जाणारा रस्ता कधी सपाट राहत नाही. खाली टर्फ असतं, पाण्याने फुगलेलं, हजारो वर्षांचं न कुजलेलं गवत. त्यावर डांबर घातलं तरी ते जागोजाग खचतं आणि गाडी बैलगाडीसारखी डुलते. मेयोच्या उत्तरेला केडे फील्ड्स इथे याच टर्फखाली पाच हजार वर्षांपूर्वीच्या शेतांचे दगडी बांध सापडले. १९३०च्या दशकात टर्फ कापताना ते पॅट्रिक कॉलफिल्ड नावाच्या शाळामास्तरांच्या लक्षात आले. मुलगा शेमस पुढे पुरातत्त्वज्ञ झाला आणि त्याने लोखंडी सळई जमिनीत खुपसत अख्खी शेतं नकाशावर आणली. हा उद्योग अगदी मास्तरांच्या घरात शोभेल असा.

आयरिश बोलणाऱ्या मुलखात शिरलात की पाट्यांवरची इंग्रजी नाहीशी होते. रस्त्यावर ‘गो मॉल’ असं रंगवलेलं दिसतं. आमच्या गाडीतल्या मंडळींना ते खरेदीचं आमंत्रण वाटलं. अर्थ आहे ‘हळू चालवा’. याच पाट्यांवरून एक छान भांडण झालं. २००५ साली सरकारी आदेशाने डिंगल गावाचं नाव फक्त ‘अन डँगन’ झालं. आयरिशचे अभिमानी असलेले गावकरीच चिडले, कारण पर्यटक डिंगल शोधत येतो. कोणीतरी रात्री पाट्यांवर ‘डिंगल’ रंगवू लागलं. २००६मध्ये गावाने मतदान घेतलं, आणि शेवटी २०११मध्ये कायदा बदलून दोन नावं मान्य झाली: डिंगल आणि ‘डँगन ई खूश’. भाषेचा अभिमान आणि पोटाचा धंदा यांची तडजोड. ती करायला सहा वर्षं लागली, हे मला फार वाटत नाही.

झाडासाठी मात्र काम लवकर झालं. क्लेअर काउंटीत लाटून इथे १९९९ साली नव्या रस्त्याच्या वाटेत हॉथॉर्नचं एक काटेरी झुडूप येत होतं. एडी लेनिहन या लोककथाकाराने वृत्तपत्रातून बजावलं की हे मन्स्टर प्रांतातल्या पऱ्यांचं जमण्याचं ठिकाण आहे, तोडलंत तर अपघात होतील. इंजिनिअरांनी आराखड्यात झुडपाला जागा दिली. म्हसोबाला वळसा घालून गेलेले रस्ते पाहिलेल्या माणसाला यात नवल नाही.

क्लिफडेनहून गॉलवेकडे येताना वाटेपासून थोडं आत बॅलिनाहिंच कॅसल लागतं. नवानगरचे जामसाहेब, म्हणजे ज्यांच्या नावाने आपली रणजी करंडक स्पर्धा चालते ते रणजितसिंहजी, १९२४ साली इथे सामन माशाच्या शिकारीला आले आणि वाडाच विकत घेऊन बसले. १९३३मध्ये वारले तोवर उन्हाळे इथे काढले. नदीकाठी मासेमारीचे धक्के त्यांनी बांधून घेतले. आता तिथे हॉटेल आहे. चहा महाग, आवार सुंदर.

मुक्कामाच्या एका घरी मालकीणबाईंनी मुंबईचं नाव ऐकताच आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचा विषय काढला. त्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे, हे बाईंना पाठ होतं. वराड समुद्रापासून किती लांब, मुंबईहून रस्त्याने किती वेळ लागतो, असं त्या विचारू लागल्या. मुंबई-गोवा महामार्गाचं काय सांगणार? मी ब्रेड कुठला म्हणून विचारलं.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते, अंतर आणि वेग किलोमीटरमध्ये. फेब्रुवारी २०२५पासून ग्रामीण स्थानिक रस्त्यांवरची सर्वसाधारण वेगमर्यादा ८०वरून ६०वर आणली आहे. पाणंदीत तिशीच्या वर जाववतच नाही. नकाशा दोन तास म्हणाला तर तीन धरा. मे-जूनमध्ये जा, जूनअखेर तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो. आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे जा: मग समुद्र आपल्या बाजूला राहतो, गाडी थांबवायला रस्ता ओलांडावा लागत नाही. याला अपवाद फक्त आर ३३५चा. तिथे लुईसबर्गहून डेल्फीकडे जा. माणसं त्याच बाजूने निघाली होती.