पांगुळगाडा आणि वॉकर

मूल पाच-सहा महिन्यांचे झाले की व्यापारी कुटुंबांत आप्तेष्टांकडून भेटींची रीघ लागते. त्यांत चाकांच्या चौकटीत कापडी बैठक असलेला वॉकर बहुधा असतोच. मूल त्यात बसते, पाय मारते, घरभर फिरते. नातवंड लवकर चालू लागल्याचा आनंद आजी-आजोबांना होतो आणि घरातील सुनेला हातचे काम उरकण्याची उसंत मिळते. ही सोय नाकारण्यात अर्थ नाही. परंतु मूल चालायला शिकते ते वॉकरमुळे नव्हे.

जुना पांगुळगाडा आणि हा वॉकर एकाच जातीचे समजले जातात. वस्तुतः दोहोंत मोठे अंतर आहे. तीनचाकी लाकडी पांगुळगाड्यामागे मुलाला स्वतःच्या पायांवर उभे राहावे लागते. दांडी धरून, तोल सावरून गाडा ढकलावा लागतो. तोल गेला की मूल खाली बसते आणि पुन्हा उठते. वॉकरमध्ये शरीराचा भार बैठक पेलते. मूल बहुधा पायांच्या बोटांनी जमीन मागे रेटते, आणि पडण्या-उठण्याचे शिक्षण घडतच नाही. शिवाय त्या चाकांना जो वेग येतो तो मोठ्या माणसालाही चकवतो. जिन्यावरून कोसळणे, टेबलावरच्या गरम चहापर्यंत हात पोहोचणे, असे अपघात त्यातूनच होतात. कॅनडाने २००४ साली अशा वॉकरची विक्री, आयात व जाहिरात यांवर बंदी घातली. वापरलेला वॉकर दुसऱ्यास विकणेही तेथे बेकायदा आहे.

मुलाला खरी गरज असते ती मोकळ्या जमिनीची. एकत्र कुटुंबात मूल एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाते, पेढीवरून परतलेले काका त्याला उचलतात, त्यांच्याकडून आजोबा घेतात. जमिनीवर मात्र ते क्वचितच टेकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशींनुसार, रांगू न लागलेल्या बाळाला जागेपणी दिवसभरात थोडे थोडे करून किमान ३० मिनिटे पालथे खेळू द्यावे. झोपवताना मात्र उताणेच. सतरंजी अंथरावी, खुळखुळा हाताच्या थोडा पलीकडे ठेवावा आणि शेजारी कोणीतरी बसावे. पुढे रांगणाऱ्या मुलाला गादीवरचा लोड ओलांडायला पुरेसा डोंगर होतो. पितळी वाट्या, घरंगळणारा डबा, कापडी चेंडू यांपुढे महागडी खेळणी फिकी पडतात. सुपारी, नाणी, शेंगदाणे आणि घड्याळातील चपट्या बॅटऱ्या मात्र त्या जमिनीवर चुकूनही राहता कामा नयेत.

हंगेरीतील बालरोगतज्ज्ञ एमी पिक्लर यांनी १९४६ पासून बुडापेस्टमधील बालगृहात एक नियम पाळला : मूल ज्या स्थितीत आपणहून येऊ शकत नाही, त्या स्थितीत त्याला बसवायचे नाही की उभे करायचे नाही. आपल्याकडे उशांच्या आधाराने बाळ बसवण्याची घाई असते, तिला हे उत्तर आहे.

शेजारच्या मुलाशी तुलना हा या घाईचा दुसरा उगम. भारतासह पाच देशांतील मुलांच्या पाहणीवरून जागतिक आरोग्य संघटनेने दिलेला आवाका विस्तृत आहे : निरोगी मुले साधारण आठ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान केव्हाही आधाराविना चालू लागतात. काही मुले हात-गुडघ्यांवर रांगतच नाहीत. दीड वर्ष होऊनही मूल चालत नसेल, शरीराची एकच बाजू वापरत असेल किंवा आलेली हालचाल विसरत असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांकडे जाण्यास विलंब करू नये.

भेट द्यायचीच असेल तर लाकडी, रुंद पायाचा पांगुळगाडा द्यावा. तोही मूल दिवाणाला धरून स्वतः उभे राहू लागल्यावर. रिकामा गाडा पुढे पळतो. पुढच्या बाजूस किलो-दोन किलो डाळीची पिशवी घट्ट बांधली, की तो मुलाच्या चालीने चालतो.