गणकयंत्रातील मुंबई

साथीच्या दिवसांत माणसाने माणसापासून किती हात दूर राहावे याचा हुकूम काढणे कोणत्याही सरकारला फारसे जड जात नाही. जड जाते ते त्या हुकमाचे फळ आगाऊ जाणून घेणे. शाळा बंद ठेवल्याने किती जीव वाचतील, कचेऱ्या एक तृतीयांश उपस्थितीने उघडल्या तर रुग्णालयांतील खाटा पुरतील की नाही, लोकल गाड्या सुरू केल्या तर रोग कोणत्या वस्तीत आधी उतरेल, हे प्रश्न प्रत्यक्ष नगरावर प्रयोग करून सोडवण्याजोगे नाहीत, कारण तो प्रयोग फसला तर त्याची किंमत माणसांनाच मोजावी लागते. म्हणून २०२० साली, करोनाच्या टाळेबंदीचा अंमल ऐन भरात असताना, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था या दोन संस्थांतील राजेश सुंदरेशन, संदीप जुनेजा, प्रह्लाद हर्षा प्रभृती अभ्यासकांनी बंगळुरू व मुंबई या शहरांच्या प्रतिकृती संगणकाच्या उदरात वसवल्या, आणि जे हुकूम खऱ्या नगरावर बजावायचे ते आधी त्या छायानगरांवर बजावून पाहण्याची तजवीज केली.

साथीच्या गणिताशी मुंबईचा संबंध मात्र याहून पुष्कळ जुना आहे, आणि तो सुखाचा नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिज्वराचा, म्हणजे प्लेगचा, रोगी ओळखला. त्यापाठोपाठ घरझडत्या, सक्तीचे विलगीकरण आणि पुण्यात रँडसाहेबाच्या वधापर्यंत जाऊन पोचलेला लोकक्षोभ हा इतिहास मराठी वाचकाला निराळा सांगावयास नको. कमी परिचित आहे तो या साथीचा गणिती वारसा. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर प्लेगने दर आठवड्यास किती माणसे दगावली याची नोंद सरकारी दफ्तरात होती, आणि तीच नोंद एडिंबरो येथील विल्यम कर्मॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक यांनी १९२७ साली रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात आपल्या समीकरणांच्या कसोटीसाठी वापरली. मॅकेंड्रिक हा इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये बरीच वर्षे काढून कसौलीहून मायदेशी परतलेला डॉक्टर, तर कर्मॅक हा प्रयोगशाळेतील अपघातात ऐन तारुण्यात दृष्टी गमावलेला रसायनशास्त्रज्ञ. दोघांनी मिळून समाजाचे निरोगी, रोगग्रस्त आणि रोगमुक्त अथवा मृत असे तीन भाग कल्पिले आणि एका भागातून दुसऱ्यात माणसे कोणत्या वेगाने सरकतात याचे गणित मांडले. त्यातून उमटणारी वक्ररेषा मुंबईच्या मृतांच्या आकड्यांवर जवळजवळ चपखल बसली. सुमारे सतराव्या आठवड्यात ती शिखर गाठते आणि मग उतरू लागते. रोग्यांपैकी शेकडा ८० ते ९० मरतच असल्याने मृतांचा आकडा हाच रोगाचा आकडा मानावा, असा युक्तिवाद त्या निबंधात आहे, आणि माणसांतील प्लेग हा उंदरांतील प्लेगचे प्रतिबिंब असल्याने आपले समीकरण ढोबळ आहे, ही प्रांजळ कबुलीही आहे. आजच्या साऱ्या साथगणिताचा पाया या निबंधावर उभा आहे.

त्या जुन्या गणितात एक गृहीत दडलेले होते: समाजातील कोणीही कोणालाही सारख्याच सहजतेने भेटतो. हे गृहीत मुंबईसारख्या नगरीत किती पोकळ ठरते हे निराळे सांगायला नको, कारण मलबार हिलवरील गृहस्थ आणि धारावीतील चर्मकार यांची गाठ पडण्याचा योग आणि धारावीतल्या दोन बिऱ्हाडांची सार्वजनिक नळावर गाठ पडण्याचा योग यांना एकाच मापाने मोजणारे शास्त्र कागदावर कितीही देखणे असले तरी तेथे निरुपयोगी होय. म्हणून समाजाचे तीन ढीग करण्याऐवजी एकेक माणूस स्वतंत्रपणे घडवण्याची पद्धत पुढे आली. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील नील फर्ग्युसन यांच्या चमूने १६ मार्च २०२० रोजी प्रसिद्ध केलेला अहवाल याच पद्धतीचा होता. काहीच उपाय न केल्यास ब्रिटनमध्ये सुमारे ५ लाख १० हजार मृत्यू होतील हा त्यातला आकडा जगभर गाजला. त्यामागची कलमे मात्र फार थोड्यांनी वाचली. घर, शाळा आणि कामाची जागा यांबाहेरचे संपर्क शेकडा ७५ ने कमी होतील आणि घरातल्या घरात ते शेकडा २५ ने वाढतील, असे सर्वांसाठीच्या सामाजिक अंतराचे माप तेथे धरले होते. ते माप ब्रिटिश घरांचे होते.

मुंबईच्या प्रतिकृतीत माणसे जनगणनेच्या दफ्तरातून जन्मतात. २०११ च्या गणनेत बृहन्मुंबईची वस्ती १ कोटी २४ लाखांच्या घरात भरली होती. तितकेच निनावी नागरिक संगणकाच्या स्मृतीत उत्पन्न करून प्रत्येकाला वय, बिऱ्हाड, शाळा अथवा कामाचे ठिकाण आणि रोजचा प्रवास नेमून दिला जातो. महापालिकेच्या २४ विभागांत ही वस्ती वाटली जाते, आणि विभागातही झोपडपट्टी आणि इतर वस्ती असा भेद राखला जातो. या भेदाचे महत्त्व पुढे कळेल. मग काळ सहा-सहा तासांच्या पावलांनी पुढे सरकतो. दर पावलाला प्रत्येक निरोगी नागरिकाभोवती घरात, कचेरीत, शाळेत, मोहल्ल्यात आणि लोकलच्या डब्यात किती रोगवाहक आहेत याची बेरीज होते, त्या बेरजेवरून त्याला लागण होण्याची संभाव्यता ठरते, आणि अखेरचा निवाडा यदृच्छेवर सोपवला जातो. लागण झालेला जीव पुढे लक्षणांवाचून बरा होतो, किंवा आजारी पडतो, रुग्णालयात जातो, अत्यवस्थ होतो, मरतो. कोणती वाट कोणाच्या वाट्यास यावी याचे प्रमाण वयानुसार बदलते.

या यंत्रात अंतर फुटांत मोजले जात नाही, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. तेथे ते केवळ एका गुणकाच्या रूपाने वावरते: शाळा बंद म्हणजे शाळेचा गुणक शून्य, अर्धी उपस्थिती म्हणजे कचेरीतील संपर्क त्या प्रमाणात कमी, मुखपट्टी म्हणजे संसर्गाच्या वेगात कपात, आणि टाळेबंदी म्हणजे बाहेरचे सारे गुणक खाली आणून घरातला एक गुणक वर नेणे, कारण बाहेरून हाकललेली माणसे शेवटी एकाच छपराखाली कोंडली जातात. त्याशिवाय कोणते बिऱ्हाड आदेश पाळणारे आणि कोणते न पाळणारे हेही आधी ठरवून द्यावे लागते. शंभर टक्के आज्ञाधारक प्रजा जाहीरनाम्यात आढळते, प्रतिकृतीत तिला थारा नाही.

आरंभी रोगी मोजकेच असल्याने योगायोगाचा अंमल मोठा असतो आणि तेच गणित दहा वेळा चालवले तर दहा निरनिराळ्या रेषा निघतात. रोगी वाढले की या रेषांचे आकार एकमेकींसारखे होतात, फरक उरतो तो एकाच नाटकाचे खेळ मागेपुढे सुरू व्हावेत इतकाच. खरे नगर कोणत्या खेळाशी जुळते हे ठरवण्यासाठी ताळा हवा, आणि तो मृतांच्या नोंदींशी घातला गेला, कारण चाचण्या थोड्या असताना रोग्यांच्या आकड्यावर भिस्त ठेवणे धोक्याचे होते. १९०६ ची मुंबई आणि २०२० ची मुंबई या जागी एकमेकींस भेटतात. दोन्ही वेळी गणित्याला विश्वास ठेवावासा वाटला तो स्मशानाच्या वहीवर.

झोपडपट्टीचा भेद राखण्यातले शहाणपण लवकरच पटले. जुलै २०२० मध्ये नीती आयोग, महापालिका आणि टाटा संस्था यांनी माटुंगा, चेंबूर पश्चिम व दहिसर या तीन विभागांत रक्तद्रव्याची पाहणी केली, तेव्हा झोपडपट्टीतील सुमारे ५७ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली आणि इतर वस्तीत अवघ्या १६ टक्क्यांत. एकच शहर, एकच हुकूम, एकच टाळेबंदी, आणि तरी साडेतीन पटींचा फरक! ज्या वस्तीत शौचकूप सामाईक आणि पाण्याचा नळ सामाईक, तेथे अंतर राखा हा उपदेश नागरिकाच्या सद्वर्तनाला उद्देशून करणे मला क्रूर थट्टेसारखे वाटते. अंतर ही तेथे इच्छेची बाब नसून क्षेत्रफळाची आहे. हे या निर्विकार यंत्राला प्रत्येक विभागाचे दोन भाग करून मान्य करावे लागले.

जूनच्या आरंभी, शहरात ४१,९८६ रोगी आणि १,३६८ मृत्यू नोंदले गेले असताना, टाळेबंदीतून टप्प्याटप्प्याने बाहेर पडण्याविषयीचा जो अहवाल निघाला त्याचा निष्कर्ष असा होता की, कामाच्या जागा २० ते ३३ टक्के उपस्थितीने उघडल्यास वैद्यकीय व्यवस्था कोलमडणार नाही. त्यानंतरच्या अहवालात गणेशोत्सव, नवरात्र-दसरा आणि दिवाळी यांतील गाठीभेटीही धरल्या होत्या. गणपतीच्या दर्शनाची वर्दळ गुणकाच्या रूपाने समीकरणात शिरावी हे भाग्य अन्य देशांतील प्रतिकृतींना लाभले नसेल! लोकलसह सारा व्यवहार १ नोव्हेंबरला पूर्णपणे खुला केला तरी, पुरेशी वैद्यकीय सिद्धता असल्यास, परिणाम आटोक्यात राहतील असे त्यात म्हटले होते. शासनाने त्याहून सावध पवित्रा घेतला. सर्वसामान्यांना लोकलची दारे उघडली ती १ फेब्रुवारी २०२१ रोजी, आणि तीही वेळेच्या बंधनासह.

पुढे जे घडले ते प्रसिद्ध आहे. त्या वसंतात दुसरी लाट उसळली आणि तिने सगळी अनुमाने मागे टाकली, कारण रूप पालटून आलेल्या विषाणूचे कलम त्या गणितात नव्हतेच. यावरून यंत्रच खोटे असा निकाल देणारे बरेच निघाले. मला तो निकाल अन्यायाचा वाटतो. असे केले तर असे होईल, एवढेच हे यंत्र बोलते. त्यातला पहिला अर्धा भाग गाळून दुसरा मथळ्यात छापण्याचा उद्योग वर्तमानपत्रांचा. दोष काढायचाच तर तो निराळा आहे: ज्या जनगणनेवर ही नगरी उभी होती ती तेव्हाच नऊ वर्षांची जुनी झाली होती, आणि मार्च ते मे या काळात जे लक्षावधी मजूर पायी व रेल्वेने मुंबई सोडून गेले त्यांची बिऱ्हाडे २०११ च्या तक्त्यांत जागच्या जागीच बसून होती.

२०२१ ची जनगणना साथीमुळेच लांबली. पुढील गणनेचा संदर्भदिन आता १ मार्च २०२७ असा ठरला आहे. घरयादी करणारा प्रगणक दाराशी येईल तेव्हा खोल्या किती, राहणारी माणसे किती आणि शौचालय स्वतःचे की सामाईक, हे त्याला खरेखुरे सांगावे, एवढी वाचकांस विनंती.