नोकरी केव्हा बदलावी?

हिशेब तपासणे, कायदेविषयक सल्ला देणे, बांधकामाचे आराखडे तयार करणे या कामांना व्यावसायिक सेवा म्हणतात. व्यापाऱ्याजवळ माल असतो. अशी सेवा देणाऱ्याजवळ ज्ञान आणि लोकांचा विश्वास हेच भांडवल असते. म्हणून नोकरी बदलताना केवळ वेतनाची तुलना पुरेशी ठरत नाही. आपले भांडवल वाढत आहे की गंजत आहे, हेही पाहावे लागते.

अठराव्या शतकाच्या आरंभी राजस्थानातील आमेर ही कछवाह राजांची राजधानी होती. तेथील हिशेब-तपासणीच्या कचेरीत विद्याधर भट्टाचार्य हे बंगाली गृहस्थ कनिष्ठ पदावर काम करीत. गणित आणि वास्तुशास्त्र यांतही त्यांना गती होती. डोंगरांत वसलेल्या आमेरला वाढती वस्ती व अपुरे पाणी यांची अडचण भासू लागली. तेव्हा सवाई जयसिंहांनी १७२७ साली जवळच्या सपाट भूमीवर जयपूर वसवले. त्याच्या नगररचनेत विद्याधरांचा प्रमुख वाटा होता. नऊ चौकांची मांडणी व सरळ, रुंद रस्ते यांसाठी हे नगर प्रसिद्ध आहे. २०१९ मध्ये त्याचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. विद्याधरांचा धनी बदलला नाही. काम मात्र बदलले. आहे त्याच ठिकाणी आपल्या गुणांना वाव मिळेल का, हा पहिला प्रश्न यातून सुचतो.

प्रत्येकाला तसा वाव मिळतोच असे नाही. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. पुण्याजवळ खडकवासला येथे त्यांनी धरणाचे स्वयंचलित दरवाजे बसवले. परंतु त्या काळी सर्वोच्च पद भारतीय अभियंत्याला मिळणे जवळजवळ अशक्य होते. सुमारे चोवीस वर्षांच्या सेवेनंतर त्यांनी ती नोकरी सोडली. १९०९ मध्ये ते म्हैसूर संस्थानाचे मुख्य अभियंता व १९१२ मध्ये दिवाण झाले. पुढची वाट बंद होती. पण तोवर त्यांची विद्या परिपक्व झाली होती.

या दोन्ही उदाहरणांवरून नोकरी बदलण्याची वेळ ओळखता येते. नवे शिकणे थांबले असेल, जबाबदारी मागूनही मिळत नसेल किंवा खोट्या कागदावर सही करण्याचा आग्रह होत असेल, तर बदलाचा विचार अवश्य करावा. एखाद्या दिवशीचा अपमान किंवा मित्राचा वाढलेला पगार एवढ्यावर मात्र निर्णय घेऊ नये. हाती घेतलेले काम अर्ध्यावर सोडणाऱ्याचा अनुभव कच्चा राहतो. उलट, केवळ सवयीने थांबणाऱ्याचे उमेदीचे दिवस निघून जातात.

नव्या नेमणुकीचे पत्र हाती आल्यावरच राजीनामा द्यावा. ठरलेल्या मुदतीत काम व कागदपत्रे सहकाऱ्याच्या स्वाधीन करावीत. अशिलाची गुपिते मात्र नोकरी सुटल्यावरही जपावीत. कारण नव्या ठिकाणी माणसाच्या आधी त्याची कीर्ती पोहोचते.